चार नंबरचं मशीन

‘मी या उमेदवाराला ओळखत नाही.’

गेल्या सहा वर्षांत हे वाक्य मी नऊ-दहा हजार वेळा तरी टाइप केलं असेल. दरवेळी पूर्ण, स्वतःच्या हाताने. नुसती टिचकी मारून चालत नाही. आणि दरवेळी ते खरंच होतं. मी ओळखते तरी कोणाला? जयसिंगपुरात सातव्या गल्लीत राहते. दूधवाला, समोरच्या चौगुले वहिनी आणि गुडघ्याचे डॉक्टर. संपली यादी. आमच्या कंपनीचं यंत्र प्रत्येक पारखीच्या नात्यांचा आकडा काढतं. कोण कोणाला फोन करतं, कोणाच्या लग्नाला जातं, सगळं धरून. माझा आकडा चार. तीन तुम्हाला सांगितले, चौथं कोण हे मला कित्येक वर्षं कळलेलं नव्हतं.

आकडा जेवढा कमी तेवढा पारखी चांगला, असं आमच्या धंद्याचं गणित. ओळखपाळख नाही म्हणजे वशिला नाही. नेमणुकीच्या वेळी मुख्य पारखी गार्गी नाडगौडा फोनवर म्हणाल्या, “मगदूम मॅडम, चार म्हणजे आमच्याकडचा विक्रमच आहे हो.” मी “थँक्यू” म्हटलं. फोन ठेवल्यावर वाटलं, मेले, कशाबद्दल थँक्यू म्हणालीस तू?

माझं नाव त्रिशला मगदूम. वय त्रेसष्ट, लग्न केलं नाही, स्वभाव फटकळ. पारखी म्हणजे काय ते आधी सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

घरात बसून दुसऱ्याचं ऑफिस सांभाळणारी माणसं असतात. पत्रं लिहायची, भेटीच्या वेळा ठरवायच्या, डॉक्टर बोलतील ते टिपण उतरवून द्यायचं. मालक एका गावात, मदतनीस दुसऱ्या गावात, दोघांची गाठ आयुष्यात पडत नाही. पूर्वी लोक फोटो बघायचे, प्रमाणपत्रं बघायचे, व्हिडिओवर चार प्रश्न विचारायचे आणि कामावर घ्यायचे. मग यंत्रं चेहरे बनवायला लागली, आवाज बनवायला लागली, प्रमाणपत्रं तर काय, वाटीभर हवीत की पातेलंभर! एकच भामटा पन्नास नावांनी पन्नास नोकऱ्या धरायचा आणि मागे काम करायचं यंत्र. एका दवाखान्यात अशा यंत्राने टिपणात डॉक्टर बोललेच नव्हते ते औषध घातलं, कारण अशा आजारात बहुतेक वेळा तेच देतात. पेशंट दगावला. त्यानंतर कायदा आला की रुग्णाची टिपणं, कोर्टातले जबाब आणि मृत्युपत्रं माणसाच्या बोटांनीच टाइप झालेली हवीत. आणि टाइप करणारा माणूसच आहे, हे कोणीतरी पारखून दिलं पाहिजे.

ते पारखायचं कसं, तर तालमुद्रेने.

बंगळुरूच्या एका प्रयोगशाळेतल्या लोकांनी ती शोधून काढली. तुम्ही टाइप करता तेव्हा एक कळ सोडून दुसरी दाबेपर्यंत जो वेळ जातो, तो सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत मोजायचा. हा वेळ प्रत्येकाचा वेगळा असतो, कारण बोटं हलवण्याचा हुकूम मेंदू एकेका अक्षराला देत नाही. पहिल्यांदा शिकताना लहान मेंदूत हालचालींच्या पुरचुंड्या बांधल्या जातात आणि आयुष्यभर त्याच सुटतात. माणूस भाषा विसरेल, नाव विसरेल, पण बोटं पहिली सवय विसरत नाहीत. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, तसं.

मग यंत्राला ही नक्कल का करता येत नाही? करतं की. मध्येमध्ये उशीर घालतं, चुका करतं. पण यंत्राचा उशीर फाशांसारखा असतो, आत्ताच्या दानाचा मागच्या दानाशी संबंध नाही. माणसाचं तसं नसतं. तिसऱ्या ओळीत चूक झाली की तो सातव्या ओळीपर्यंत जपून चालतो. बाहेर कुकरची शिट्टी झाली की दहा शब्द घाईत जातात. त्या उशिरांची एकमेकांशी लांबवर नाती असतात. ती नाती पट्टीवर दिसली की तो माणूस, नाही दिसली की यंत्र. पट्टी म्हणजे पडद्यावरचा आलेख. यंत्राला खात्री वाटली नाही तरच प्रकरण आमच्याकडे येतं. नाव नाही, चेहरा नाही, आवाज नाही. फक्त नंबर आणि पट्टी.

मला हे काम मिळालं ते अण्णांमुळे. माझे वडील. जयसिंगपुरात त्यांची टायपिंग इन्स्टिट्यूट होती, सोळा मशीन, सगळी हाताची, लोखंडी. मी तिथेच वाढले आणि पुढे तिथेच शिकवलं. सोळा मशीन एकदम खडखडायला लागली की बाहेरच्या माणसाला गिरणी वाटायची, पण मला पाठ करून बसलं तरी कळायचं की नऊ नंबरवर कोण आहे आणि तिला आज बरं नाही.

तर त्या दिवशी सकाळी साडेदहाला माझ्यापुढे ७७१४ नंबर आला.

मी वाक्य टाइप केलं, ‘मी या उमेदवाराला ओळखत नाही’, आणि पट्टी उघडली. यंत्राचा शेरा होता: ‘शिफ्ट दाबण्याआधी दरवेळी पाव सेकंदाचा थांबा. माणसाच्या मानाने फार नियमित. कृत्रिम असण्याची शक्यता.’ अर्जात त्रोटक माहिती होती. वयोगट पंचावन्न ते साठ. काम एका बालरोगतज्ज्ञांची टिपणं उतरवण्याचं. टंकलेखन प्रमाणपत्र: नाही.

मी पट्टीला आवाज लावला. ही माझी खोड. बाकीचे पारखी आलेख बघतात, मी ऐकते. टक टक टक टक, मग डावी करंगळी जागेवर जाते, थांबते, जोर गोळा करते, आणि मग शिफ्ट.

माझ्या हातातला चष्मा खाली पडला.

आमच्याकडे चार नंबरच्या मशीनची डावी शिफ्ट जड होती. तिची स्प्रिंग कुठे मिळेना, म्हणून अण्णांनी दुसऱ्याच कसल्या तरी मशीनची बसवली होती. त्यावर शिकायचं म्हणजे करंगळीने आधी दम घ्यायचा आणि मग रेटायचं. दोन वर्षांनी स्प्रिंग बदलली, शिफ्ट लोण्यासारखी झाली, पण त्या दोन वर्षांत जे शिकले त्यांच्या करंगळ्या दम घेतच राहिल्या. अशा किती होत्या? चार नंबरवर सकाळच्या बॅचला सात-आठ मुली. आणि संध्याकाळी, क्लास संपल्यावर, माझी धाकटी बहीण पद्मा.

पद्मजा. माझ्याहून चार वर्षांनी लहान. मी तीन नंबरवर, ती चार नंबरवर. अण्णांच्या क्लासात बोलायला बंदी, पोटच्या पोरींनासुद्धा. म्हणून पद्मा काय करायची, पान संपलं की खाली टाइप करायची, ‘चहा?’ मी माझ्या कागदावर उत्तर द्यायची, ‘ठेवते.’ आणि उठायची. तिला तीन चमचे साखर लागायची. अण्णा म्हणायचे, या पोरीला चहा नको, पाकच द्या.

सदतीस वर्षं झाली, आम्ही बोललेलो नाही. चूक माझी होती. आता सांगते सरळ, पूर्वी सांगत नव्हते.

सांगलीला सरकारी टायपिंगची परीक्षा होती आणि मी पर्यवेक्षक होते, सव्वीस वर्षांची, नाकापेक्षा मोती जड. आमच्याकडे शिकायला येणारी सुनंदा कोळी नावाची विधवा बाई होती. नवऱ्याच्या जागी अनुकंपावर क्लार्क लागलेली. दोन वर्षांत टायपिंगची परीक्षा पास झाली नाही तर नोकरी जाणार, आणि ती शेवटची परीक्षा. आठच दिवस आधी कुकरच्या वाफेने तिचा उजवा हात भाजला. मी माझ्या खोलीत पर्यवेक्षण करत होते. लाकडी पार्टिशनपलीकडे दुसरी खोली, तीस मशीनचा खडखडाट. आणि त्यातून मला रोजचा ओळखीचा ताल ऐकू आला. टक टक टक, थांबा, शिफ्ट.

पद्मा त्या वर्षी परीक्षेला बसलेलीच नव्हती. ती पुढच्या खेपेला बसणार होती.

मी पाच मिनिटं उभी राहिले. मग मुख्य केंद्रचालकांकडे गेले आणि म्हणाले, “सर, पलीकडच्या खोलीत डमी बसलीय.” त्यांनी विचारलं, “कशावरून?” मी म्हणाले, “आवाजावरून. माझी बहीण आहे.” त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की ते तोंड मी आजतागायत विसरलेले नाही. मला वाटलं, कौतुकाने बघतायत.

सुनंदाबाईंची नोकरी गेली. पद्माला पाच वर्षं परीक्षेची बंदी झाली. अण्णांनी मला शाबासकी दिली आणि जेवले नाहीत. पद्मा बॅग भरताना एवढंच म्हणाली, “अक्का, तुला बोटं ओळखू आली, माणूस नाही ओळखता आलं.” मी म्हणाले, “नियम म्हणजे नियम.” ती गेली. अण्णा वारले तेव्हा एक दिवस आली, माझ्याकडे न बघता परतली. बडोद्याला असते असं कोणीतरी म्हणालं. मी पत्र टाकलं नाही. नंतर टाकायची लाज वाटली, आणि त्यानंतर सवयच झाली.

आता ७७१४ ची पट्टी माझ्यासमोर होती. नियम स्पष्ट होता. ओळख पटल्याचा संशय आला तर त्याच क्षणी थांबायचं, ‘ओळखीची शक्यता’ असं लिहायचं आणि प्रकरण दुसऱ्या पारखीकडे द्यायचं. आयुष्यभर नियमाने वागलेली बाई मी. पण प्रकरण दुसरीकडे गेलं की ती पद्मा होती की सात-आठ मुलींपैकी कोणी, हे मला मरेपर्यंत कळलं नसतं. मला जाणून घ्यायचं होतं. खरं सांगते, तिच्या भल्याचा विचार त्या वेळी माझ्या मनात आलाच नाही.

टाइप करायला कोणता परिच्छेद द्यायचा, हा अधिकार पारखीचा असतो. मी अण्णांचा दिला.

अण्णांनी स्वतः रचलेला परिच्छेद होता तो, कुठल्याही पुस्तकात नसलेला, अवघड अक्षरं एका जागी यावीत म्हणून बनवलेला. ‘शिरोळच्या बाजारात ऋषभशेठने छत्री उघडली, ऊस झाकला आणि ढगाला म्हणाले, थांब, आधी माझं ज्ञान ऐक.’ असा बारा ओळी वेडगळपणा. आमच्या पोरी तो झोपेत टाइप करायच्या.

चाचणीत मजकूर एकदम दिसत नाही. तीन-तीन शब्द पडद्यावर येतात, ते टाइप झाले की पुढचे तीन. म्हणजे सबंध मजकूर आधीच यंत्राला भरवता येत नाही.

पहिले तीन शब्द गेले. ‘शिरोळच्या बाजारात ऋषभशेठने.’

पलीकडे काहीच हललं नाही. चार सेकंद, पाच सेकंद, नऊ सेकंद. मी खुर्चीची कड धरून बसले होते. मग बोटं पडली. आणि पडली ती थांबेचनात. ‘शिरोळच्या बाजारात ऋषभशेठने छत्री उघडली ऊस झाकला’, सुसाट, पावसासारखी, पडद्यावर पुढचे शब्द उमटायच्या आधीच ती पुढे. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी मोठ्याने म्हणाले, “अगं हळू! अण्णा ओरडतील.” खोलीत कोणी नव्हतं.

आणि पट्टी लाल झाली.

तेव्हा माझ्या ध्यानात आलं की मी काय करून बसले. कपाळ माझं! पडद्यावर न आलेले शब्द जो टाइप करतो, त्याच्याकडे मजकूर आधीच असणार, म्हणजे तो यंत्र. हा नियम मला पाठ होता. इतरांना मी तो शिकवायची. पण अण्णांचा परिच्छेद सुरू झाला की आमच्या हाताखालची बोटं थांबत नसतात, हे मी विसरले. शेरा आला: ‘७७१४, यंत्र. चार तासांत शिक्का कायम होईल.’

शिक्का म्हणजे काय, तर त्या व्यक्तीला देशात कुठेही घरबसल्या काम नाही, मरेपर्यंत. चोर सोडून संन्याशाला फाशी. आणि फाशी देणारी पुन्हा मीच.

मी कच्ची पट्टी उघडली. ती फक्त पारखीला दिसते, खोडलेल्या कळांसकट. बारा ओळी पूर्ण झाल्या होत्या. त्याखाली तिने टाइप केलं होतं: ‘चहा?’ प्रश्नचिन्हाआधी तोच पाव सेकंदाचा दम. मग अकरा सेकंद काहीच नाही. मग चार कळा मागे जाऊन तिने ते खोडलं होतं.

त्या अकरा सेकंदांत ती माझ्या उत्तराची वाट बघत होती. चाचणीत पारखीला उत्तर देता येत नाही, हे तिला कसं माहीत असणार? तिला वाटलं असेल, अक्का आहे पलीकडे आणि गप्प बसलीय. नेहमीसारखी.

मी नाडगौडांना फोन लावला. तुटक तुटक सांगितलं, पद्माचं नाव न घेता. म्हटलं, परिच्छेद उमेदवाराला आधीपासून माहीत असावा, शिक्का थांबवा.

“मॅडम, तुम्ही हरकत नोंदवा ना,” त्या म्हणाल्या. “कारण द्यावं लागेल फक्त. तांत्रिक बिघाड म्हणा, पडदा उशिरा उमटला म्हणा. असं होतं कधीकधी.”

सोपा रस्ता होता. मी हरकतीची चौकट उघडली आणि टाइप केलं, ‘पडद्यावर मजकूर उशिरा उमटला, तांत्रिक बिघाड.’

क्षणभर काही झालं नाही. मग माझ्याच वाक्याखाली ओळ आली: ‘पारखीचा ताल अस्थिर. विधान पुन्हा तपासा.’ पारखी लिहितो तेव्हा यंत्र त्याचाही ताल मोजतं. मी परत लिहिलं, शांतपणे, श्वास धरून. परत तेच. तिसऱ्यांदा बोटं घामाने घसरली. दहा हजार वेळा खरं लिहून लिहून माझ्या बोटांना खोटं लिहायचं वळणच राहिलं नव्हतं. ज्या यंत्राने जगाला पकडायचं, त्याच्या ताब्यात मी स्वतःला रोज सकाळी देत होते आणि त्याचा पगार घेत होते.

नाडगौडांचाच फोन आला. त्यांच्याकडेही दिसलं होतं. “मगदूम मॅडम, काय चाललंय?”

“ती माझी बहीण आहे.”

मी पुढचंही सांगून टाकलं.

“मी ओळखलं, आणि ओळखूनही चाचणी घेतली. परिच्छेद आमच्या वडिलांचा आहे.”

“हे लिहिलंत तर पारखीचा परवाना जाईल. कायमचा. तुम्हाला माहितीये ना?” आणि मग हळू आवाजात म्हणाल्या, “लिहू नका. खरंच. एका नंबरसाठी? तुम्हाला कळणारसुद्धा नाही पुढे त्या बाईचं काय झालं. मॅडम, तुम्हाला या कामाशिवाय दुसरं आहे काय?”

त्या वाईट हेतूने बोलल्या नाहीत. खरं होतं ते. सकाळी उठायचं कारण पडद्यावरची ती पट्ट्यांची खिडकी होती. दिवसभरात मी ज्या माणसांजवळ जायची, ती म्हणजे ते नंबर. बोटांवरून मला कळायचं की ३२०९ च्या मांडीवर मूल आहे आणि ५६१८ नुकतीच रडून आलीय. त्यांना माझा पत्ता नसायचा, पण मला सोबत व्हायची. ती खिडकी बंद झाली की उरणार दूधवाला.

“तुम्हाला कसं ठाऊक, माझ्याकडे दुसरं काही नाही ते?” मी चिडून विचारलं.

“तुमचा नात्यांचा आकडा चार आहे,” नाडगौडा म्हणाल्या. “त्यातली चौथी मी आहे.”

सहा वर्षांत त्या बाईला मी एकदाही, कशा आहात, एवढंसुद्धा विचारलं नव्हतं.

“गार्गीताई,” मी म्हणाले, “तुमचे उपकार आहेत. पण माझ्या बहिणीला मी एकदा नियमाने बुडवलंय. आता नियमानेच बाहेर काढते.”

दुपारचा एक वाजला होता. शिक्का कायम व्हायला दीड तास होता. मी हात धुतले, पुसले. अण्णा परीक्षेआधी सगळ्यांना हात धुवायला लावायचे. आणि लिहायला बसले.

‘मी या उमेदवाराला ओळखते. ही माझी धाकटी बहीण पद्मजा. शिफ्टआधीचा थांबा कृत्रिम नाही, आमच्या चार नंबरच्या मशीनची स्प्रिंग जड होती. परिच्छेद तिने चोरला नाही, तो आमच्या वडिलांनी रचला आणि आम्ही दोघींनी पाठ केला. पडद्याच्या पुढे ती गेली, कारण ती चांगली टायपिस्ट आहे. तिच्याकडे प्रमाणपत्र नाही, कारण सदतीस वर्षांपूर्वी मी तिची तक्रार केली. एका अडलेल्या बाईसाठी ती डमी बसली होती. नियम माझ्या बाजूने होता. मी चुकले होते. ओळख पटल्यावरही मी चाचणी थांबवली नाही, हा दोष माझा एकटीचा. उमेदवार माणूस आहे. तिला दुसऱ्या पारखीकडून पुन्हा तपासावं.’

मी थांबले. नियमाप्रमाणे हरकतीचा मजकूर उमेदवाराला शब्दशः पाठवला जातो. मग शेवटी आणखी एक शब्द लिहिला.

‘ठेवते.’

खाली ओळ आली: ‘पारखीचा ताल स्थिर. विधान स्वीकारले.’ पाठोपाठ दुसरी: ‘परवाना रद्द.’ पडदा काळा झाला आणि त्यात माझं तोंड दिसलं. म्हातारी झालेय की मी, असं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेदहाला मी सवयीने टेबलाशी जाऊन बसले. काय करणार? भाजी आधीच निवडून झाली होती. चौथ्या दिवशी चौगुले वहिनी वाटीत मेतकूट घेऊन आल्या. “काय हो, तुमची टकटक ऐकू येईना चार दिवस. म्हटलं बघून यावं, जिवंत हाईसा की नाही.” मी त्यांना बसवलं. त्या अर्धा तास सुनेचं गाऱ्हाणं सांगत होत्या आणि मी ऐकत होते. आवाज ऐकायची मला सवय, पण उत्तर द्यायची नव्हती. मध्येच त्या म्हणाल्या, “तुम्ही काहीतरी बोला की.” मी म्हणाले, “मेतकूट छान आहे.” एवढंच जमलं.

सातव्या दिवशी नाडगौडांचा निरोप आला: ७७१४ दुसऱ्या पारखीकडे उत्तीर्ण, शिक्का रद्द, काम मिळालं. मी देवासमोर दिवा लावला. पण पद्माकडून काही आलं नाही. का यावं? बुडवणाऱ्याने हात दिला म्हणून कोणी पाया पडतं का?

अकराव्या दिवशी कागद आला. हरकत मिळाल्याची पोच उमेदवाराने टाइप करून द्यायची असते आणि हरकत घेणाऱ्याला तिची नक्कल मिळते, तालमुद्रेसकट. एकदा हरकत झाली की नावं उघडी होतात. वर छापलं होतं: पद्मजा मगदूम, निपाणी.

मगदूमच. आणि निपाणी! मी बडोदं धरून बसले होते. आणि ही बाई एवढी वर्षं माझ्यापासून बसने दीड तासावर राहत होती.

पोच वाचायच्या आधी मी पट्टी ऐकली. परवाना नसलेल्याला खोडलेली अक्षरं दिसत नाहीत, नुसता ठोका ऐकू येतो. चार मिनिटांचा ठोका होता. भरभर, मग खोड. परत भरभर, जोरात, एकेक कळ आपटून, मग सगळंच्या सगळं खोड. मी टेबलावर बोटं ठेवून त्या ठोक्याबरोबर चालवून बघितली, कोणते शब्द बसतात ते. नाही बसले. शिव्या असतील. सुनंदाबाईंचं असेल. अण्णांचं असेल. सदतीस वर्षांचं चार मिनिटांत लिहून तिने पुसून टाकलं होतं. मी ती चार मिनिटं तीनदा ऐकली आणि तिन्ही वेळा मान खाली घालून ऐकली.

मग पोच उघडली. दोन ओळी होत्या.

‘मजकूर मिळाला.

साखर कमी घाल.’

तीन चमचे साखर घेणारी पद्मा. तिला शुगर कधी निघाली, गोळ्या चालू आहेत का, पथ्य कोण बघतं, मला काही म्हणजे काही माहीत नव्हतं. एकेकाळी तिचा चहा रोज मीच ठेवायची. मी ओट्याशी जाऊन उभी राहिले, साखरेचा डबा हातात घेतला आणि ढसाढसा रडले.

कागदाच्या तळाला फोन नंबर होता. मी तोंड धुतलं आणि तो लावला. तिकडे कोणीतरी उचललं, पण बोललं नाही. मागे कुठेतरी कुकरची शिट्टी झाली. मला श्वास ऐकू येत होता, आधी थांबलेला, मग सोडलेला.

मी विचारलं, “किती कमी?”